उंदराच्या हृदयावरून माणसाचं काय कळणार म्हणे!

घोडबंदरकर: ग्रुपवर पोस्ट फिरतेय: ‘उंदराचं हृदय मिनिटाला ६०० ठोके देतं, आपलं ७२. त्यावर अऱ्हिदमियाचं (ठोक्यांची लय बिघडण्याचं) संशोधन म्हणजे निव्वळ क्रौर्य.’ खाली अंगठ्यांचा पाऊस. माझी भाची शाळेच्या शर्यतीत पळता पळता कोसळायची. ईसीजी नॉर्मल, म्हणून फिट्सच्या गोळ्या सुरू. शेवटी ट्रेडमिलवर सापडलं: सीपीव्हीटी, म्हणजे धावपळीत किंवा ताणात ठोक्यांची लय बिघडवणारा जनुकीय आजार. आज ती फ्लेकेनाइड या लय सांभाळणाऱ्या औषधावर आहे. या आजारात ते लागू पडतं हे २००९ मध्ये आधी कॅल्सिक्वेस्ट्रिन हे हृदयपेशीतलं प्रथिन नसलेल्या उंदरांत दिसलं, मग रुग्णांत. क्रौर्य म्हणणाऱ्यांनी माझ्या बहिणीसमोर येऊन म्हणावं.

चिंचगूळ: भाची बरी आहे, आनंद आहे. पण हेच फ्लेकेनाइड हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना दिलं तेव्हा मृत्यू वाढले, ते १९८९ मध्ये माणसांच्याच ट्रायलमध्ये कळलं. ठोक्यानंतर हृदयपेशीला पूर्ववत करणारा आयकेआर नावाचा विद्युतप्रवाह प्रौढ उंदरात नावापुरता. ईसीजीतला क्यूटी हा काळ धोकादायकपणे लांबवणारी औषधं तिथे सहज निसटणार. क्यूटी लांबवतं म्हणून बाजारातून काढलेलं ॲलर्जीचं टर्फेनाडिन विसरलात?

खारघरचा नंदू: म्हणून तर त्या कामाला ससा आणि गिनीपिग घेतात! जनुकातला बिघाड बघायला उंदीर, औषधाला ससा. अर्धं वाचून भांडायला येता.

चिंचगूळ: म्हणजे सशाला जीव नसतो?

कोपरीची काकू: एवढा कळवळा? मागच्या महिन्यात ‘ग्लू पॅड कुठले चांगले’ विचारणारे तुम्हीच ना? त्याला चिकटून रात्रभर चिरकतो उंदीर.

चिंचगूळ: माझ्या गाडीच्या वायरी कुरतडल्या होत्या हो! शोरूमवाल्याने बिल हातात दिलं तेव्हा कुठे होती तुमची दया?

कोपरीची काकू: पिंजरा लावायचा. मी धरते आणि येऊरच्या डोंगरावर नेऊन सोडते.

पायथ्याची पमा: अच्छा, तरीच! मी येऊरच्या पायथ्याशीच राहते. इथे काय उंदरांची वानवा होती? पावसाळ्यात लेप्टो झाला की औषधपाणी तुम्ही बघणार का?

कोपरीची काकू: मग काय घरात पाळू?

खारघरचा नंदू: लॅबमधल्या उंदराला निदान भूल देतात. पिंजऱ्याच्या आकारापासून प्रयोगापर्यंत कमिटीची मंजुरी लागते. तुमच्या ग्लू पॅडला कुणाची होती?

चिंचगूळ: बरं बाबा, सीपीव्हीटीपुरता उंदीर मान्य. पण औषधं तपासायला स्टेम सेलपासून केलेल्या माणसाच्या हृदयपेशी आहेत, २०२३ मध्ये आपल्या नियमांतही त्यांना वाट मिळाली. त्या वापरा.

घोडबंदरकर: त्या पेशी वाढलेल्या हृदयासारख्या वागत नाहीत, पक्व नसतात. आणि पळताना कोसळतही नाहीत.

पायथ्याची पमा: काकू, पिंजरा घेऊन पुन्हा दिसलात तर फोटो टाकीन.