टॉर्टोलाची बोट: सी विंग ग्रुप

साने काकू, सी-२०४: कालपासून तिसऱ्यांदा विचारतेय. मुलाने न्यू जर्सीहून कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटाची तिकिटं काढलीत, मधे एक दिवस बोटीने शेजारचं टॉर्टोला बेट. आम्ही दोघं बी-२ म्हणजे टूरिस्ट व्हिसावर, तो एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. कागद काय लागतात? माहिती असेल तरच लिहा, 'हॅपी जर्नी' नको.

देशपांडे काका: सेंट थॉमस अमेरिकेचंच. १९१७ साली डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरला घेतलं. वेगळा व्हिसा नाही 🙏

मृणाल, सी-३०३: सेंट थॉमसपुरतं बरोबर. जाताना विमान देशांतर्गत, आयडी म्हणून आपला पासपोर्ट चालतो. पण ती बेटं अमेरिकन कस्टम्सच्या हद्दीबाहेर, म्हणून परतताना तिथल्याच एअरपोर्टवर तपासणी होते. पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) ची प्रिंट, मुलाचं आय-७९७ (एच-१बीचं मंजुरीपत्र) हातातल्या बॅगेत ठेवा.

सेक्रेटरी: ग्रुप सोसायटीच्या कामापुरताच वापरावा ही नम्र विनंती.

पाटील, सी-१०२: मग टँकरचा हिशोब टाका ना साहेब, जूनपासून वाट बघतोय.

देशपांडे काका: अमेरिकेचाच भाग. व्हिसा नाही 🙏

नितीन, सी-४०४: काका, टॉर्टोला ब्रिटिशांचं! तिथे उतरलं की अमेरिका सोडली. काकू, मुलाचा स्टॅम्प, म्हणजे पासपोर्टवरचा व्हिसा, चालू आहे का?

साने काकू: मार्चमध्ये संपला. एक्स्टेंशन मिळालंय म्हणतो.

नितीन: मग त्याची बोट रद्द करा. एक्स्टेंशनच्या आय-७९७ वर आत राहता येतं, बाहेरून आत येता येत नाही. टॉर्टोलावाले भारतीयांना सोडतात तेही चालू अमेरिकन व्हिसा बघून.

कदम, सी-५०२: तीस दिवसांत परतलं की जुना स्टॅम्प चालतो. उगाच घाबरवू नका.

मृणाल: एच-१बीला ती सवलत फक्त कॅनडा-मेक्सिकोची. कॅरिबियन बेटांसाठी एफ आणि जे व्हिसावाल्यांनाच, म्हणजे विद्यार्थी आणि एक्स्चेंजवाल्यांना. अर्धवट माहितीवर कुणाची नोकरी पणाला लावू नका.

कदम: बरं बाई, तुम्ही हुशार.

मृणाल: काकू, तुमचा व्हिसा चालू असेल तर तुम्ही दोघं जाऊन येऊ शकता. पण परतल्यावर राहायला नवे सहा महिने मिळतील असं धरू नका, बहुतेक जुनीच तारीख राहते.

साने काकू: त्याला एकट्याला ठेवून कुठे जायचं!

नितीन: त्यापेक्षा शेजारच्या सेंट जॉन बेटावर जा. सेंट थॉमसच्या रेड हुकहून तिथल्या क्रूझ बेला बोटीने वीसेक मिनिटं, सगळं अमेरिकेतच. फोनचं रोमिंग बंद ठेवा, तिथे टॉर्टोलाचं नेटवर्क पकडतं आणि बिल येतं. गाडी घेणार असाल तर आपल्यासारखं डावीकडून चालवायचं, पण स्टिअरिंगही डावीकडेच.

पाटील: कदमांना पाठवा, त्यांना कुठल्याही बाजूने चालतं. पार्किंग बघा त्यांचं 😀

कदम: पाटील, टँकरवर बोला.

देशपांडे काका: व्हिसा लागत नाही हे मी आधीच सांगितलं होतं 🙏

सेक्रेटरी: हिशोब रविवारी टाकतो.