प्रेसमध्ये भावाची दोन बोटं गेली, मालक स्टँपपेपरवर सही मागतोय

अहमदपूरकर
माझा मोठा भाऊ भोसरीत एका प्रेस शॉपला ठेकेदाराकडून कामाला होता. जून 2025 मध्ये पॉवर प्रेसखाली (पत्रा दाबून आकार देणारं मशीन) उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. वय 30, पगार 14,000, निम्मा खात्यावर अन् निम्मा रोख. ठेकेदाराची माणसं धरून शॉपमध्ये आठ जण, त्यामुळे ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) नाही. दवाखान्याचं बिल मालकानं भरलं, पण केसपेपरवर 'दरवाजात बोटं सापडली' असं लिहून घेतलं.

आता म्हणतो 50,000 घे आणि सही कर. मजकूर असा: 'मी स्वतःच्या इच्छेने मशीनचा सेन्सर बंद करून काम करीत होतो. माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही व भविष्यात राहणार नाही.' ठेकेदार फोन उचलत नाही. वहिनी म्हणतात घेऊन टाका, दिवाळीसुद्धा उधारीवर गेली. काय करावं?

पिंपरीवाला
घ्या अन् मोकळे व्हा. ईएसआय नाही तर काहीच मिळत नाही. कोर्टात चपला झिजतात.

जुना प्रेसवाला
पिंपरीवाले, चपला झिजतात हे खरं, बाकी सगळं चूक. ईएसआय नसेल तिथं 1923 चा नुकसानभरपाई कायदा आहेच, आणि आठ माणसांच्या शॉपलाही तो लागतो.

अहमदपूरकर, सही करू देऊ नका. मी युनियनच्या कामात असले कागद ढिगानं पाहिलेत. त्यातलं 'तक्रार नाही' हे वाक्य मला घाबरवत नाही. कामगारानं हक्क सोडल्याचा करार या कायद्याच्या कलम 17 नं रद्दबातल ठरतो. विष आहे ते पहिल्या वाक्यात. साधा निष्काळजीपणा झाला, डुलकी लागली, हात चुकला, तरी मालकाला भरपाई द्यावीच लागते, कारण इथं चूक कोणाची हे विचारत नाहीत. पण कामगार दारू पिऊन होता, किंवा त्यानं सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं, हे मालकानं सिद्ध केलं तर सुटका होते. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तरच ही पळवाट बंद. तुमच्या भावाची दोन बोटं गेलीत, म्हणजे अंशतः अपंगत्व, म्हणजे पळवाट उघडी. म्हणून तर ते वाक्य एवढं नेटकं लिहिलंय. वकिलानं लिहून दिलेलं दिसतंय.

आता हिशोब. पगाराचे 60 टक्के, 8,400. कायद्यात वयानुसार गुणक दिलाय, तिसाव्या वर्षाचा 207.98, त्यानं गुणायचं. एका हाताची दोन बोटं गेली की कायद्याच्या परिशिष्टात कमाईची ताकद 20 टक्के गेली असं धरलंय, म्हणून त्याचे 20 टक्के. एकूण 3,49,406 रुपये. दवाखान्याचं बिल यातून वजा होत नाही, ते वेगळं. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय धरतात. महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला 12 टक्के व्याज, आणि कारण नसताना अडवली तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड.

ठेकेदार पळाला तर पळू द्या. कलम 12 प्रमाणे ज्याच्या शॉपमध्ये काम चाललं त्या मूळ मालकाकडून वसूल करता येते. नंतर त्या दोघांनी आपसात काय ते बघावं.

एक सांगा, सेन्सर बंद कोण करायचं?

अहमदपूरकर
दादा, सेन्सर बायपास करायची किल्ली सुपरवायझरकडे असते, कमरेच्या जुडग्यात. सेन्सर चालू असला की तयार जॉब काढायला हात आत गेला रे गेला की प्रेसचा स्ट्रोक थांबतो, टार्गेट होत नाही. म्हणून शिफ्ट सुरू होताना तोच किल्ली फिरवायचा अन् ऑपरेटरला पायडल मारायला लावायचा. शेजारच्या मशीनवरच्या पोरानं मोबाईलवर जॉबचा व्हिडिओ काढलेला, त्यात पॅनलवरचा सेन्सर बंद असल्याचा लाल दिवा दिसतो.

जुना प्रेसवाला
मग कशाला रडताय! तो व्हिडिओ आजच दोन ठिकाणी जपून ठेवा. पोराचं नाव इथं लिहू नका, त्याची नोकरी जाईल.

ॲड. पाटणकर
प्रेसवाल्यांचं बरोबर आहे, दोन गोष्टी जोडते. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, पण अपघात जूनमधला, म्हणून 1923 चाच कायदा. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे जून 2027. तोवर थांबू मात्र नका, साक्षीदार गावी निघून जातात. पुण्यात हे दावे कामगार न्यायालयात चालतात.

केसपेपरवरच्या 'दरवाजा'ची मला जास्त काळजी आहे. ज्या दवाखान्यात आधी नेलं तिथली पहिली नोंद आणि एमएलसी (पोलिसांसाठी दवाखाना करतो ती नोंद) झाली असल्यास तिची प्रत मागा. पुढे काय लिहून घेतलं यापेक्षा त्या रात्री डॉक्टरनं काय टिपलं याला वजन असतं. बोटं चेंगरली होती की कापली गेली होती, हेही त्यात येतं. रोखीच्या पगाराचं म्हणाल तर ठेकेदाराचे हिशोबाचे मेसेज काढा, नाहीतर पगार 7,000 च दाखवतील आणि रक्कम निम्मी होईल. अर्थात किमान वेतनाखाली पगार दाखवणं मालकालाही जडच जाईल.

अहमदपूरकर
ताई, पहिला दवाखाना वेगळा होता, तिथं कोणी मालकाचं नव्हतं. उद्या भावाला घेऊन जातो. मालकाला काय सांगू? संध्याकाळी घरी येणार आहे म्हणतो.

ॲड. पाटणकर
येऊ द्या. चहा द्या, सही देऊ नका. स्टँपपेपरचा फोटो तेवढा काढून ठेवा. 50,000 देतोच म्हणाला तर खात्यावर टाका म्हणावं. तो अंतिम भरपाईत वजा होईल, बिघडत काही नाही.