धाकात वाढलेला माणूसच मोठेपणी धाक मागतो का?

सुलभा_ठाणे:
खूप दिवस मनात घोळतंय म्हणून विचारते. आमच्याकडे आप्पांचा (सासरे) धाक भयंकर होता, जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की दोन्ही मुलं रेडिओ बंद करून पुस्तकं उघडून बसायची, पट्ट्याचा मार दोघांनीही खाल्लाय. यंदा गणपतीत सगळे जमलो तर दीर म्हणाले, आप्पांनी मारलं म्हणून माणसात आलो, देशालाही असाच कडक माणूस पाहिजे, चौकात चारजणांना फोडलं की बाकीचे सरळ येतील. माझा नवरा त्याच घरातला, पण मुलावर आवाजसुद्धा चढवत नाही. नणंदेच्या मिस्टरांचं आणखी तिसरंच, त्यांना शिस्त-परंपरा कशाचंच पडलेलं नाही, त्यांच्या मते जग म्हंजे जंगल, दुबळ्याची कीव करायचीच नाही. हे सगळं लहानपणातून येतं का हो? माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, परवा पहिल्यांदाच मी हात उगारला, तर त्याने डोळे मिटून मान खांद्यात घातली. तेव्हापासून झोप नाही.

मंदार_पु:
ताई, तुमचे दीर आणि नणंदेचे मिस्टर ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. नाझी जर्मनीनंतर हा प्रश्न सगळ्यांनाच छळत होता, १९५० मध्ये जर्मन विचारवंत अडोर्नो आणि सोबतच्यांनी अमेरिकेत अभ्यास मांडला की कडक, मारझोडीच्या घरातून हुकूम मानणारी आणि दुबळ्यावर राग काढणारी माणसं तयार होतात. त्यांच्या प्रश्नावलीत गोची होती, 'हो' म्हटलं की हुकूमशाही वृत्तीचा गुण वाढायचा, त्यामुळे सगळ्यालाच मान डोलावणारेही त्यात धरले जायचे. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ आल्टमायरने नंतर मापन सुधारलं. वर्चस्वाची ओढ ही वेगळी गोष्ट म्हणून सिडानियस आणि प्राटो या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये मोजली. मग २००१ मध्ये न्यूझीलंडच्या जॉन डकिटने दोन्ही जोडून दाखवल्या: शिक्षेच्या धाकात वाढलेल्याला जग धोक्याचं वाटतं, म्हणून तो कडक राखणदार शोधतो, मायेचा ओलावाच न मिळालेल्याला जग कुस्तीचा आखाडा वाटतं, म्हणून त्याला वर राहायचं असतं. नणंदेच्या मिस्टरांना लहानपणी जवळ कोण घ्यायचं, एकदा विचारून बघा.

जोशी_सर_निवृत्त:
मंदार, मांडणी छान आहे पण सगळं आईबापांच्या माथी मारू नकोस. जुळ्यांच्या अभ्यासांत अनुवंशिकतेचाही वाटा दिसतो आणि आल्टमायर स्वतः किशोरवयातल्या अनुभवांवर जास्त भर द्यायचा, कॉलेजात वेगवेगळी माणसं भेटली की ही वृत्ती उतरते हे त्यानेच नोंदवलंय. सुलभाताईंचे यजमान त्याच मारातून वेगळे निघाले ते उगाच नाही. मी ३१ वर्षं शाळेत होतो, सुरुवातीला मीही छडी वापरली, आज त्याची लाज वाटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली छडी बंद केली ते उत्तमच झालं.

रेवती_क:
मला यात एक राहून गेल्यासारखं वाटतं. वर्चस्व शिकायला मार खावाच लागतो असं नाही. आमच्या घरी कुणी कधी बोट लावलं नाही, लाडच लाड, पण कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा, कान तुटलेला, मोरीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला असायचा. मला कुणीही बसवून सांगितलं नाही की कोण वरचं कोण खालचं, तरी पाच वर्षांची असताना मला ते पक्कं माहीत होतं, पाहुण्यांना तो कप मी चुकूनही दिला नाही. जात आपल्याकडे अशीच शिकवली जाते, अगदी प्रेमाने.

सुलभा_ठाणे:
सगळ्यांचे आभार. मुलाला काल जवळ घेऊन सॉरी म्हटलं, तो आधी आक्रसला, मग बिलगला. रेवती, तुझं वाचून उठून स्वयंपाकघरात गेले. आमच्या खिडकीत बाईंचा स्टीलचा पेला वेगळा आहे, सासूबाईंच्या वेळेपासूनचा. मागच्या महिन्यात मुलाने त्यातून पाणी प्यायलं तर मीच त्याच्यावर ओरडले होते.