कॉर्नेल ७७ ची ऑफिशियल सीडी मलाच थंड वाटते का अजून कोणाला?

केळीबाग_रावेर

मंडळी, शिव्या घालायच्या तर घाला पण आधी पूर्ण वाचा. ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचा ८ मे १९७७ चा शो, कॉर्नेल युनिव्हर्सिटीचा बार्टन हॉल, ज्याला अर्धी दुनिया त्यांचा सगळ्यात भारी शो म्हणते तो. माझ्याकडे हा जळगावला इंजिनिअरिंगला होतो तेव्हापासून आहे, होस्टेलवरच्या एका सिनियरच्या हार्डडिस्कमधून उचललेला, एमपीथ्री, फोल्डरला धड नाव पण नव्हतं, नुसतं "डेड ७७ चांगला". बारा वर्षं तोच ऐकतोय. आमच्याकडे शेतीची लाईट रात्रीची असली की मोटर चालू करायची, बांधावर बसायचं आणि कानात हा, असं शंभर वेळा तरी झालं असेल.

आता मागच्या महिन्यात पुण्याच्या मित्राकडून २०१७ ची ऑफिशियल कॉपी मिळाली, तीन सीड्यांची, वापरलेली पण चकाचक. पैसे तर दिलेच, वर वांग्याच्या भरताची पार्टी पण दिली कारण तो भरीत आणि कळण्याच्या पुरीशिवाय सोडायलाच तयार नव्हता. घरी आणून लावली आणि काय सांगू, पार हिरमोड. माझ्या जुन्या फाईलीत झांजा कशा चमचमीत वाजतात, गार्सियाची गिटार अंगावर येते, आणि इथे सगळं गोल गोल, जाड, बेस भरपूर, आणि शपथ घेऊन सांगतो गाणी संथ वाटतात. पब्लिकचा आवाज तर जवळजवळ नाहीच. बायकोला दोन्ही ऐकवलं तर म्हणे दोन्हीत तो माणूस अर्धा तास तेच वाजवतोय, तुम्ही आधी जेवून घ्या.

तर सवाल असा की ऑफिशियलवाल्यांनी खरंच साफ करता करता जीव काढून घेतला, का माझेच कान बसले?

भुसावळ_लोकोशेड

कान बसले नाहीत भाऊ, कानाला सवय लागली आहे, दोन्ही वेगळं. माझे मामा रेल्वेत होते, भुसावळच्या क्वार्टरमध्ये त्यांच्याकडे डीप पर्पल बँडच्या जपानच्या शोची कॅसेट होती, कोणाकोणाकडून कॉपी होत होत आलेली. मी ती इतकी ऐकली की पुढे ओरिजिनल ऐकली तेव्हा वाटलं ही डुप्लिकेट आहे. कॅसेटीत जिथे टेप चुरगळलेली होती तिथे माझा मेंदू अजून पण ती खरखर टाकतो.

तुमच्या "चमचमीत"चं एक कारण मला वाटतं डॉल्बी. गणपतीतली भिंतीएवढी डॉल्बी नाही हो, कॅसेट डेकवर ते बटण असायचं ते. डॉल्बी लावून रेकॉर्ड केलं की बारीक आवाज मुद्दाम वाढवून टेपवर जातात आणि वाजवताना तेच बटण दाबलं तर ते परत खाली येतात, सोबत सुऽऽ आवाज पण खाली जातो. आता मधल्या कोणी बहाद्दराने बटण न दाबता कॉपी केली तर झांजा कायमच्या चढलेल्या राहतात, आणि तुम्हाला वाटतं वा काय क्लिअर आहे. तुमची फाईल कंप्युटरवर यायच्या आधी कोणाकोणाच्या डेकमधून गेली देव जाणे.

साउंडवाला_चाळीसगाव

लांबलचक लिहिणार आहे, माफी असावी, पण विषय माझ्या पोटापाण्याचा आहे.

आधी पब्लिकच्या आवाजाचं सांगतो. मी कानबाईच्या उत्सवात, वहीगायनाला, लग्नात साउंड लावतो, आणि लोक दुसऱ्या दिवशी येतात की दादा मिक्सरमधून रेकॉर्डिंग दे. देतो, आणि मग शिव्या खातो, कारण त्यात गाणाऱ्याचा आवाज छातीवर बसल्यासारखा आणि ढोलकी कुठे तरी नदीपलीकडे. ढोलकीला मुळात माईकची गरज पडत नाही ना, मंडपात ती तशीच ऐकू येते, म्हणून मिक्सरमध्ये ती कमीच ठेवलेली असते. मिक्सर हा मंडपाला जे कमी पडतं तेवढंच भरून काढतो, पूर्ण जेवण तिथे नसतं. रॉकमध्ये हेच गिटारच्या बाबतीत होतं, स्टेजवरचा अँप आधीच कान फाडत असतो.

आता कॉर्नेलची गंमत अशी की हे रेकॉर्डिंग ज्या बाईंनी केलं, बेटी कँटर-जॅक्सन, त्यांनी हॉलच्या स्पीकरला जाणारं मिक्स आयतं उचललेलं नाही. त्या रेकॉर्डिंगसाठी स्वतःचं वेगळं मिक्स तिथल्या तिथे करायच्या, थेट दोन ट्रॅकवर, डावा आणि उजवा. म्हणून दोन ड्रमवाले असून पण कोणी कोणाला तुडवत नाही, फिल लेशचा बेस नुसता घुमत नाही तर बोलतो, हे त्या बाईंच्या हाताचं काम आहे, नंतर कोणी कंप्युटरवर केलेलं नाही. आणि बार्टन हॉल म्हणजे काही ऑडिटोरियम नव्हे, कवायतीसाठी बांधलेलं अवाढव्य शेड आहे ते, आत पळायच्या शर्यती होतात. आपल्या मार्केट यार्डाच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाळी वाजवा आणि बघा किती वेळ फिरते. तिथे पब्लिकचे माईक उघडे ठेवले असते तर सगळं खिचडी झालं असतं. पब्लिक कमी वाटतं ते त्यामुळे, कोणी पुसलेलं नाही.

दुसरं, दोन ट्रॅक म्हणजे भाजी शिजून ताटात आलेली आहे. वांगं वेगळं काढता येत नाही. २०१७ ला जेफ्री नॉर्मन यांनी मास्टरिंग केलं, म्हणजे मीठ-लिंबू वरून, मिक्स बदलायला वावच नव्हता. तेव्हा "बेस वाढवला, गिटार दाबली" असं जे लोक लिहितात त्यांना विचारा कशी दाबली, वेगळी होती कुठे ती?

आता तिसरं आणि माझ्या मते खरं. तुम्ही म्हणता गाणी संथ वाटतात. ही तक्रार नाही भाऊ, हा पुरावा आहे. टेप मशीन थोडं इकडेतिकडे फिरलं की वेग बदलतो आणि वेगाबरोबर सूर पण वर-खाली होतो. ऑफिशियलसाठी प्लँजंट म्हणून एक प्रोसेस वापरली आहे. टेपवर रेकॉर्ड करताना मशीन कानाला न ऐकू येणारा एक फार वरचा सिग्नल सोबत देतं, त्याचा माग टेपवर उरतो, तो पकडून टेप त्या क्षणी किती हलली होती ते काढतात आणि सरळ करतात. म्हणजे सीडीचा वेग तपासलेला आहे, तुमच्या फाईलचा कोणी तपासलाय?

करून बघा: दोन्हीचा आवाज एकसारखा लावा, अगदी थोडं जास्त मोठं असलं तरी तेच चांगलं वाटतं, आम्ही गिऱ्हाईकाला स्पीकर विकताना हेच करतो (आता कळलं तुम्हाला). मग स्कार्लेट बिगोनियाज ते फायर ऑन द माउंटन या सलग तुकड्याची दोन्हीकडची लांबी मोजा.

मिरची_धुळे

सगळे आवाजावर चर्चा करताय, मूळ प्रश्न कोणी विचारत नाही. हा शो एवढा मोठा आहे तरी का? टेप चांगली होती म्हणून. १९८६ ला गोदामाचं भाडं थकलं म्हणून बेटीबाईंच्या रिळांचा लिलाव झाला, ज्यांच्या हाती लागली त्यांच्याकडून कॉप्या निघाल्या, आणि बाकी शोंच्या खरखरीत कॅसेटी ऐकणाऱ्या लोकांच्या हाती एकदम ही आरशासारखी टेप आली. दुसऱ्याच दिवशी ९ मे ला बफेलोला वाजवलंय ते माझ्या मते जास्त धारदार आहे, सुरुवातच हेल्प ऑन द वे या गाण्यापासून, पण नाव कॉर्नेलचं. आपल्याकडे नाही का, ज्या लग्नाचं व्हिडिओ शूटिंग चांगलं झालं तेच लग्न खानदानात आठवतात.

शिवाय बँडकडे ती रिळं नव्हतीच, म्हणून ४० वर्षं थांबावं लागलं, तोवर लोकांनी एवढं डोक्यावर घेतलं की अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जपून ठेवायच्या रेकॉर्डिंगच्या २०११ च्या यादीत जाऊन बसलं. म्हणजे ऑफिशियल निघायच्या आधीच देव झालेला. मग सीडी ऐकून कोण म्हणणार ठीकठाक आहे? रावेरच्या भाऊंनी म्हटलं याचंच कौतुक.

साउंडवाला_चाळीसगाव

बफेलो भारी आहे, मान्य. पण कॉर्नेलच्या मॉर्निंग ड्यू गाण्याचा शेवट ऐकून पण तुम्ही "फक्त टेप चांगली" म्हणत असाल तर आपलं जमणार नाही 😀 टेप चांगली नसती तर आपल्याला कळलं नसतं एवढंच. वाजवलं तर त्यांनीच ना?

आणि एक आहे, इथे फसवाफसवी नाही. लेड झेपेलिन बँडचा हाऊ द वेस्ट वॉज वन अल्बम घ्या, २००३ ला आलं, जून १९७२ चे लॉस एंजेलिस आणि लाँग बीच असे दोन शो, त्याचे तुकडे जोडून एक शो बनवलाय. ऐकायला जबरदस्त, माझ्याकडे रोज वाजतं, पण तो कार्यक्रम त्या क्रमाने कधी कोणी बघितलाच नाही. डेडवाले पण काही संत नव्हते, युरोप ७२ चा जुना अल्बम आला तेव्हा गाणं स्टुडिओत बसून परत गायलंय. कॉर्नेल जसं झालं तसं आहे.

भुसावळ_लोकोशेड

त्या रात्री तिथे मे महिन्यात बर्फ पडला होता म्हणे. आणि आपण इथे मेमध्ये ४५ डिग्रीत कुलर समोर बसून ऐकतो. हे मला दर वेळी आठवतं, विषयाशी संबंध नाही.

पारोळा_एक्सप्रेस

भाऊ, बठ्ठं वाचीसन मना चहा थंड व्हयी गया. तुना कान बराबर शेतस, फाईलच पयी राहिनी.

केळीबाग_रावेर

दोन दिवस लागले कारण मध्ये केळीची कटाई होती. सगळं करून बघितलं.

एक, लांबी. स्कार्लेट ते फायर दोन्हीकडे जुळवून बघितलं, मध्ये कुठे काटलेलं नाही, सुरुवात तीच, शेवट तोच, तरी माझी जुनी फाईल अर्ध्या मिनिटाने आधी संपते. पंचवीसेक मिनिटांत अर्धं मिनिट म्हणजे दोन टक्के. मग भाच्याचं गिटार ट्यूनरचं अॅप लावलं तर जुनीचा सूर जवळजवळ एक तृतीयांश सेमीटोन वर. म्हणजे बारा वर्षं मी गार्सियाला घाईत ऐकतोय. पारोळ्याचे भाऊ बरोबर.

दोन, बायकोला बसवलं, आवाज सारखा केला, कोणतं लावलंय ते सांगू नको म्हटलं. पाचपैकी तीनदा मी सीडी चांगली म्हटलो. म्हणजे पास पण नाही, नापास पण नाही. मग मी लावलं आणि तिला ओळखायला सांगितलं, तर तिने पाचही वेळा सीडी ओळखली, म्हणे यात तो जाड आवाजवाला वाजवणारा वेगळा ऐकू येतो. म्हणजे बेस. तिला माहीतच नाही बेस काय असतो.

तीन, जुनी फाईल कंप्युटरवर दोन टक्के हळू करून बघितली. झांजांची चमक तशीच राहिली पण मजा गेली, ना ऑफिशियलसारखी भरदार ना जुन्यासारखी टवटवीत. भुसावळच्या दादांचं डॉल्बीचं म्हणणं आता पटतंय, जे मला गिटारची धार वाटत होतं त्यातलं बरंच नुसता चढलेला सुऽऽ आवाज आहे, शांत जागी नीट ऐकलं की कळतं.

तरी पब्लिकचं माझं म्हणणं मी सोडत नाही. शेड घुमतं ते मान्य, खिचडी होते ते मान्य, पण गाणं संपल्यावर तरी थोडे माईक वर करायचे ना, एवढं वाजवल्यावर समोर कोणी आहे का नाही असं वाटू नये.

आज लाईट रात्री बाराची आहे, सीडी मोबाईलवर उतरवून घेतलीय, बांधावर ऐकून सांगतो. मिरचीभाऊ, बफेलो तुमच्याकडे चांगल्या कॉपीत असेल तर रविवारी पेनड्राईव्ह घेऊन धुळ्याला येतो. वेग तपासून ठेवा. शेवभाजी तुमच्याकडून.