इन्सॅटच्या चित्रात ढग पांढराफेक पण पाऊस नाही, करडा ढग आणि गगनबावडा पाण्यात. हे वाचायचं कसं?

गुऱ्हाळवाला, करवीर

मंडळी, एक विचारायचं होतं. आमचं गुऱ्हाळघर प्रयाग चिखलीच्या वाटेवर. हंगाम उठायच्या टायमाला वळीव सुरू होतो आणि चिपाडं उघड्यावर वाळत पडलेली असतात. एक सर जरी आली तरी जळण भिजतं, चुलवाण नुसतं धुमसत बसतं, आणि गुळव्या माझ्याकडं असा बघतो की जणू पाऊस मीच पाडला. म्हणून हवामान खात्याच्या साईटवर इन्सॅट उपग्रहाची चित्रं बघायची सवय लावून घेतली.

गोची अशी. एप्रिलात दुपारी चित्रात कोल्हापूरवर पांढराफेक ढग. माणसं लावून सगळी चिपाडं झाकली, संध्याकाळपर्यंत थेंब नाही. उलट आषाढात गगनबावड्यावर नुसतं करडं करडं दिसतंय आणि तिथनं पाहुण्यांचा फोन, की घाटात हात दिसेना असा पाऊस लागलाय. इकडं कुंभी-कासारी नद्या फुगून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडं निघालेली. आमच्यात ४३ च्या धोक्याची वाट बघून चालत नाही, जनावरं त्याआधीच हलवावी लागतात. मग या चित्रावर विश्वास ठेवायचा की नाही?

शिरोळचा उसवाला

भावा, चित्रंबित्रं सोड. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले आणि विसर्ग किती सुटला तेवढं बघ. आम्हाला तेवढ्यावर दिवस मिळतो हातात.

निवृत्त निरीक्षक, राजारामपुरी

शिरोळ खाली आहे, तुम्हाला ते पुरतं. चिखली संगमावर आहे. तिथं वर घाटात काय चाललंय ते आधी कळायला हवं.

गुऱ्हाळवाले, तुमची दोन्ही चित्रं खरी होती. तुम्ही बघताय ते इन्फ्रारेड चित्र, म्हणजे तापमानाचं. उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर बसलाय. त्याला ढगाचं डोकं दिसतं, पोट नाही. डोकं जितकं थंड तितकं चित्र पांढरं. पाऊस त्यात कुठंच मोजलेला नसतो.

एप्रिलातला तो ढग बहुधा दुसरीकडं गडगडून गेलेल्या वादळाचा उरलेला माथा. आंबोली-चंदगडकडं पाऊस पडून गेला आणि वरच्या वाऱ्यानं बर्फाचा पातळ थर पसरत तुमच्या डोक्यावर आणला. बर्फ म्हणून थंड, थंड म्हणून पांढरा. खाली काहीच नाही. अशा वेळी त्याच तासाचं व्हिजिबल, म्हणजे उन्हात डोळ्याला दिसेल तसं, चित्र शेजारी लावायचं. इन्फ्रारेडमधला एक ठिपका ४ किलोमीटरचा, व्हिजिबलमधला १ किलोमीटरचा, त्यामुळं फरक स्वच्छ दिसतो. जिवंत ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगीर असतो, कड धारदार, आणि दुपार कलली की त्याची सावली पूर्वेला पडलेली दिसते. मेलेल्याची कड विसविशीत असते, आरपार जमीन दिसते.

एकट्या चित्रावर कधीच ठरवू नका. खात्याच्या ‘रॅपिड’ साईटवर लूप, म्हणजे एकामागून एक सरकणारी चित्रं, लावा आणि ढगाच्या माथ्यावर क्लिक करा, तापमानाचा आकडा येतो. अर्ध्या तासात आकडा झपाट्यानं खाली गेला तर ढग वाढतोय, तेव्हा ताडपत्री काढा. ढग पसरतोय पण आकडा वर सरकतोय, तर चहा घ्या.

आषाढातला ढग वेगळ्या जातीचा. अरबी समुद्रावरून येणारा पश्चिमेचा वारा साधारण दीड किलोमीटर उंचीवर सगळ्यात जोरात असतो. तो घाटाला धडकला की ओल वर ढकलली जाते, पण ढग बुटकाच राहतो. पुष्कळदा बर्फ होण्याच्या उंचीपर्यंत पोचतही नाही. थेंबच थेंबाला आपटून मोठे होतात आणि धो धो कोसळतात. माथा उबदार, म्हणून चित्रात करडा. इन्फ्रारेडवरून पावसाचा अंदाज काढणारे नकाशे याच कारणानं घाटात कमी आकडा दाखवतात. रडारचंही तसंच. पणजीच्या रडारचा किरण पृथ्वीच्या गोलाईमुळं गगनबावड्यावर येईपर्यंत जमिनीपासून बराच वर गेलेला असतो, बुटक्या ढगाचा खालचा भाग त्याला सापडत नाही.

म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी घाटावरचा ढग बघतच नाही, समुद्र बघतो. किनाऱ्यालगत गुजरातपासून केरळपर्यंत कमी दाबाचा पट्टा आहे का, समुद्रावरून ढगांच्या रांगा एकामागून एक येताहेत का, वारा किती. समुद्रावरचा वारा उपग्रहच मोजतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडलेल्या ओशनसॅट-३ वर त्यासाठीचं उपकरण आहे. पाण्यावर उठलेल्या बारीक लाटांवरून ते वाऱ्याचा वेग काढतं. आणि सकाळी साडेआठला गगनबावडा, राधानगरीच्या पर्जन्यमापकाचा आकडा घ्यायचा. त्याला तोड नाही.

दोन बारीक गोष्टी. चित्रावर ०९०० लिहिलंय म्हणजे आपले सकाळचे नऊ नव्हेत, ती वेळ ग्रिनिचची, साडेपाच तास मिळवा, दुपारचे अडीच झाले. दुसरं, उंच ढग चित्रात सरकलेला दिसतो. इन्सॅट-३डीआर ७४ अंश रेखांशावर, म्हणजे जवळजवळ आपल्या सरळ दक्षिणेला. त्यात १५ किलोमीटर उंचीचा माथा पाचेक किलोमीटर उत्तरेला सरकतो, ते खपून जातं. पण काही ॲपमध्ये जपानी हिमावारी उपग्रहाचं चित्र असतं. तो १४०.७ अंशावर, आपल्याकडं फार तिरका बघतो. त्यात तोच ढग पन्नासेक किलोमीटर पश्चिमेला जाऊन बसतो. इचलकरंजीचा पाऊस घाटात दाखवला तर नवल वाटून घेऊ नका!

भूगोलवाला, गारगोटी

सर, हे पोरांना शिकवायचं म्हटलं तर कसं शिकवावं? अकरावीच्या पुस्तकात उपग्रहाचं चित्र आहे, पण ते बघून पुढं काय करायचं ते नाही. नव्या अंदाजकर्त्यांना कसं तयार करतात?

निवृत्त निरीक्षक, राजारामपुरी

खात्याची प्रशिक्षण संस्था पुण्यात पाषाणला आहे. जागतिक हवामान संघटनेची उपग्रह प्रशिक्षणाची ‘व्हर्च्युअल लॅब’ही आहे, त्यात भारताचं केंद्र आहे. युरोपवाल्यांचे ‘युमेट्रेन’चे धडे फुकट आहेत, मात्र सगळी उदाहरणं तिकडची. आपली पोरं बाल्टिक समुद्रावरचं धुकं ओळखतील आणि पंचगंगेवरचं नाही, असं व्हायला नको.

मी नव्या पोरांना बसवायचो तेव्हा लूप दुपारी दीडला थांबवायचो. साडेतीनला पाऊस कुठं असेल ते कागदावर लिहायचं, कारणासकट. तालुक्याचं नाव पाहिजे. ‘तुरळक ठिकाणी’ लिहून सुटका नाही. कागद माझ्याकडं जमा झाले की मग लूप पुढं सोडायचो. ज्याचं बरोबर आलं त्याला उलट जास्त प्रश्न, कारण बरोबर उत्तर चुकीच्या कारणानं आलेलं फार बघितलंय.

गुऱ्हाळवाला, करवीर

काका, लई झाक सांगितलंत. एक राहिलं. पहाटे व्हिजिबल चित्र काळं येतंय, ते साईट बंद असते म्हणून का?

निवृत्त निरीक्षक, राजारामपुरी

सूर्य उगवलेला नसतो म्हणून. व्हिजिबलला ऊन लागतं. रात्री ‘नाईट मायक्रोफिजिक्स’ नावाचं रंगीत चित्र बघा, डिसेंबर-जानेवारीत नदीकाठचं धुकं त्यातच सापडतं. साधं इन्फ्रारेड तिथं फसतं, धुक्याचं आणि जमिनीचं तापमान जवळपास सारखंच असल्यानं.

भूगोलवाला, गारगोटी

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तुमचा कागदाचा खेळ लावतो. जुनी चित्रं कुठं मिळतील?

निवृत्त निरीक्षक, राजारामपुरी

अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या ‘मोसडॅक’वर नोंदणी करा, मिळतात. पण एप्रिल-मेचीच घ्या. जुलैची दिलीत तर पोरं एकाच पट्ट्याकडं बघून जांभया देतील.