ख्यात म्हणजे राजस्थानची बखर का?

पंचगंगाकाठ:
नमस्कार. आमचं गाव करवीर तालुक्यात. सुगी संपली की आमच्याकडं हेळवी, म्हणजे घराण्याची वंशावळ सांगणारा, येतो. यंदा तो सोप्यात बसला, मांडीवर चोपडी उघडली आणि कानडी वळणाच्या मराठीत सासऱ्यांपासून मागं नऊ पिढ्या घडाघडा म्हणून दाखवल्या. मूळ पुरुष कुठल्या गावाहून आला, कुणाला किती मुलगे, कुणाचा वंश खुंटला, सगळं. सासऱ्यांनी जोंधळं आणि पितळेची कळशी दिली. धाकट्या दिरांच्या मुलाचं नाव चोपडीत चढलं. माझ्या मुलीचं नाही. ते मनाला लागून राहिलंय.

परवा गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, मंगळसूत्र गाठवायला गेले तेव्हा मी हे दुकानदारांना सांगितलं. ते मूळचे मारवाडकडचे. म्हणाले, "आमच्या गावी वंशावळ ठेवणारे राव येतात, बही म्हणजे वही घेऊन. आणि राजघराण्यांची ख्यात असते." ही ख्यात म्हणजे आपल्या बखरीसारखी का? की पोवाड्यासारखी गायची? कोण लिहायचं?

शाहूपुरीकर:
ख्यात म्हणजे ख्याती. चारण-भाटांनी आश्रयदात्याची केलेली स्तुती. इतिहास म्हणून फार विसंबू नये. बखरींपेक्षा अस्सल कागदपत्रं महत्त्वाची, हे इतिहासाचार्य राजवाडे सांगून गेलेत.

माळावरचा:
ताई, नोकरीनिमित्त मी चार वर्षं जोधपूरला होतो. तिथं सुट्टीच्या दुपारी नैणसीची ख्यात वाचायला घेतली ती अजून उशाशी आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ख्यात गद्यात असते. मधून दोहे, कवित्त येतात, पण ती गायची चीज नव्हे. भाषा जुनी मारवाडी. 'नैणसी री ख्यात' यातलं 'री' म्हणजे आपलं 'ची'. ण आणि ळ आपल्यासारखेच, त्यामुळं सवय झाली की पानं भराभर उलटतात.

मुहणोत नैणसी (१६१०–१६७०) चारण नव्हता. ओसवाल जैन, जोधपूरच्या महाराजा जसवंतसिंहाचा दिवाण. शायिस्तेखान पुण्यात होता तेव्हा आलेला आणि पुढं सिंहगडाला वेढा घालून रिकाम्या हातानं परतलेला जसवंतसिंह तो हाच. दिवाणगिरी सांभाळून नैणसी वर्षानुवर्षं माहिती गोळा करत होता.

शाहूपुरीकर म्हणतात तशी स्तुती ख्यातीत आहेच. कुळाचं मूळ थेट सूर्याला किंवा अग्निकुंडाला नेऊन भिडवलेलं असतं. जुन्या पिढ्यांचं सगळं खरं मानू नये, हेही मान्य. पण नैणसी जागोजागी नोंद करून ठेवतो: ही वात अमक्या चारणानं सांगितली, हे अमक्यानं लिहून पाठवलं, संवत अमुक. वात म्हणजे हकीकत. तीनशे साडेतीनशे वर्षांपूर्वीचा राज्याचा दिवाण, पण ऐकलेलं स्वतःच्या नावावर खपवत नाही. तिथं मला दरवेळी आपल्या सोप्यात बसलेला हेळवी दिसतो, फक्त त्याच्या नावासकट.

त्याचं दुसरं काम 'मारवाड़ रा परगनां री विगत'. विगत शब्द आपल्याकडं 'विगतवार'मध्ये जिवंत आहे. त्यात परगण्यांतल्या गावांचा वसूल, पाण्याच्या सोयी, वस्तीत कोण कोण राहतं, असा तपशील. एवढं मोजून मापून लिहिणाऱ्याला भाट म्हणून निकालात काढणं मला पटत नाही.

त्याचा शेवट मात्र वाईट झाला. महाराजांची मर्जी फिरली, कैद झाली, लाख रुपये दंड मागितला. नैणसीनं तांब्याचा पैसाही देणार नाही म्हणून सांगितलं, अशा अर्थाचा दोहा मारवाडात प्रसिद्ध आहे. १६७० मध्ये कैदेत असतानाच त्यानं आणि भाऊ सुंदरदासानं कट्यार मारून घेतली.

आता बखर. सभासदानं राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला लिहिली, मध्यभागी एकच पुरुष, थोरले महाराज. भाऊसाहेबांची बखर पानिपताकडं जाते. ख्यात कुळाभोवती फिरते. सिसोदिया, राठोड, भाटी, चौहान, पिढीमागून पिढी, फांद्या फुटत जातात. त्या अर्थानं ती बखरीपेक्षा तुमच्या हेळव्याच्या चोपडीची सख्खी बहीण. सगळ्या ख्याती एकसारख्या नाहीत, हेही सांगतो. बिकानेरचा दयालदास सिंढायच चारण होता, त्यानं एकोणिसाव्या शतकात दरबारासाठी लिहिली. जोधपूरच्या बांकीदासाची तर छोट्या छोट्या टिपणांची पोतडीच.

वाचायचीच असेल तर साकरियांनी संपादित केलेले चार भाग जोधपूरच्या राजस्थान प्राच्यविद्या प्रतिष्ठाननं छापलेत. मूळ जड गेलं तर रामनारायण दूगडांचं हिंदी भाषांतर बघा.

पंचगंगाकाठ:
काका, मनापासून आभार. एक विचारू? त्या ख्यातींत बायका असतात का?

माळावरचा:
असतात. जोधपूर राज्याच्या ख्यातीत महाराजांच्या राण्या येतात, कुणाच्या घरच्या, त्यांना मुलं कोण. आणि राजस्थानात राणीमंगा भाट आहेत. राजघराण्यांतल्या राण्यांच्या नोंदी ठेवणं हेच त्यांचं पिढीजात काम. म्हणजे चोपडीत बाईची ओळ बसत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

पुढच्या सुगीला हेळवी आला की त्याला विचारून मोबाईलवर त्याचं म्हणणं घ्या. वर त्याचं नाव, गाव, तारीख लिहा. आणि लेकीचं नाव चढवायला सांगा. तो नाही म्हणेल असं वाटत नाही. त्याला आजवर कुणी सांगितलंच नसेल.

शाहूपुरीकर:
सांगणाऱ्याच्या नावाचा मुद्दा मला माहीत नव्हता. दूगडांचं भाषांतर शोधतो.

पंचगंगाकाठ:
रात्री जेवताना सासऱ्यांना विचारलं. त्यांना त्यांच्या आत्या आठवतात, तीन बहिणी होत्या. चोपडीत एकही नाही. मुलीच्या शाळेच्या जुन्या वहीत तिघींची नावं आणि दिलेली गावं लिहून घेतली. मधलीचं गाव त्यांना पटकन आठवेना, मग सासूबाईंनी सांगितलं. खाली लिहिलंय: दोघींची गावं सासऱ्यांनी सांगितली, मधलीचं सासूबाईंनी. आणि आजची तारीख.