शब्दचर्चा : हिजाब घालणे, घेणे की करणे?

मराठीत ‘हिजाब घालणे’ योग्य की ‘हिजाब घेणे’, आणि ‘हिजाब’ या शब्दाचे लिंग व प्रत्यय लागताना होणारे रूप कोणते, असा प्रश्न आहे. माझ्या मते ही दोन्ही क्रियापदे आणि त्यांच्या जोडीचे ‘करणे’ही मराठीत चालते, मात्र ती सरसकट एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत, कारण हिजाब वापरणाऱ्या स्त्रियांच्या बोलण्यात प्रत्येक क्रियापदामागे निराळा अनुभव असतो.

आधी नामाविषयी. अरबीतील ‘ह-ज-ब’ या धातूचा अर्थ झाकणे, अडवणे, आड येणे असा आहे. दाराशी उभा राहून आत जाणाऱ्याला अडवणारा तो ‘हाजिब’, हा शब्दही त्याच धातूचा. कुराणात ‘हिजाब’ हा शब्द सात ठिकाणी येतो आणि तेथे त्याचा अर्थ आडपडदा असा आहे, डोक्यावरचे वस्त्र असा नाही. वस्त्रासाठी २४व्या सूरेतील (अध्यायातील) ३१व्या आयतीत (वचनात) ‘खिमार’ म्हणजे डोक्यावरची ओढणी आणि ३३व्या सूरेतील ५९व्या आयतीत ‘जिलबाब’ म्हणजे अंगावरून घ्यायचे सैल वस्त्र, हे शब्द आहेत. ‘हिजाब’ वस्त्रासाठी रूढ झाला तो पुढे. त्या ३१व्या आयतीच्या लगेच आधी पुरुषांना नजर खाली ठेवायला सांगितले आहे, म्हणूनच अनेक स्त्रिया आवर्जून सांगतात की हिजाब नजरेचा, बोलण्याचा आणि वागण्याचाही असतो, आणि तो पुरुषांनाही लागू आहे. या अर्थाने त्या ‘हिजाब करणे’ असे म्हणतात. तेथे ‘घालणे’ लिहिले तर आचरणाचा अर्थ गळून जातो आणि केवळ कापड उरते.

मराठी वर्तमानपत्रांत हिजाब, नकाब आणि बुरखा हे शब्द एकाच बातमीत आलटूनपालटून येतात, हे मला गंभीर वाटते. हिजाबाने केस, कान आणि मान झाकली जाते, चेहरा उघडा असतो. नकाबाने चेहरा झाकला जातो. बुरखा अंगभर असतो. फ्रान्सच्या २००४च्या कायद्याने सरकारी शाळांमध्ये ठळक धार्मिक चिन्हांवर बंदी आली आणि तिची झळ डोक्यावर रुमाल बांधणाऱ्या मुलींना बसली. सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यास मनाई करणारा कायदा २०१०चा आहे. पहिल्या कायद्याला ‘बुरखाबंदी’ म्हटले, तर नेमके कोणाला शाळेच्या दारातून परत पाठवले गेले हेच वाचकाला कळत नाही. शिवाय मराठीत ‘बुरखा’ या शब्दाला ढोंगाचा वास चिकटला आहे. ‘बुरखा पांघरणे’, ‘बुरखा फाडणे’ हे वाक्प्रचार आपण सहज वापरतो, आणि जिच्या घरात ते रोजचे वस्त्र आहे अशा वाचक स्त्रीला ते कसे ऐकू येत असतील याचा विचार करीत नाही.

‘घेणे’ हे क्रियापद मला सर्वांत बोलके वाटते. आपण पदर घेतो, ओढणी घेतो आणि व्रतही घेतो. आई डोके न झाकणारी आणि मुलगी झाकणारी अशी घरे अनेक देशांत आहेत. नोकरी मिळणार नाही या भीतीने आईवडिलांनी विरोध केला तरी मुलीने ठरवून ‘हिजाब घेतला’, असे सांगणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत. ‘बांधणे’ त्याहून साधे आहे आणि हातांच्या कामाशी जोडलेले आहे. आधी केस आवरून सुती टोपी घालायची, मग चौकोनी कापड तिरके दुमडून हनुवटीखाली टाचणी लावायची, कापड रेशमी असेल तर ते दिवसभर सरकत राहते. ही सकाळची खटपट सांगताना कोणी ‘हिजाब धारण केला’ असे म्हणत नाही, तेव्हा लेखनातही तो जडपणा नको.

सक्तीच्या बाबतीत मात्र कर्ता कोण हे वाक्यात दिसलेच पाहिजे. इराणमध्ये १९३६मध्ये तेव्हाच्या राजाने, रझा शाहने, हिजाबावर बंदी घातली. पोलिसांनी रस्त्यात स्त्रियांची डोकी उघडी केली आणि कित्येकींनी घराबाहेर पडणेच सोडले. १९७९च्या क्रांतीनंतर तोच हिजाब सक्तीचा झाला, आणि २०२२च्या सप्टेंबरमध्ये हिजाबाच्या कारणावरून ताब्यात घेतलेल्या महसा अमिनीचा कोठडीत असताना मृत्यू झाला. आजीकडून तो ‘उतरवून घेतला’ आणि नातीला तो ‘घालायला लावला’, असे एकाच घरात घडू शकते; ‘इराणी स्त्रिया हिजाब घालतात’ या वाक्यात यांतले काहीच येत नाही. तुर्कस्तानातील विद्यापीठांत बंदी असताना काही विद्यार्थिनी रुमालावर केसांचा टोप चढवून वर्गात बसत. त्यांनी हिजाब घातला होता की लपवला होता, हे लिहिणाऱ्याने ठरवण्याऐवजी त्यांना विचारावे.

‘हिजाब सोडला’ हा प्रयोग मी टाळतो. ‘सोडणे’ म्हटले की श्रद्धाही सोडली असे ऐकू येते, आणि नातेवाइकांकडून नेमका तोच आरोप अनेकींना सहन करावा लागतो. नमाज, रोजे नित्याने करणारी स्त्रीही डोके झाकणे थांबवते. तिच्याविषयी ‘हिजाब घेणे थांबवले’ एवढेच लिहावे. ‘हिजाबी’ हे विशेषण अनेकजणी स्वतःसाठी अभिमानाने वापरतात, त्यामुळे ते त्याज्य नाही. पण एखादी डॉक्टर किंवा खेळाडू बातमीत आली आणि विषय तिच्या कामाचा असला, तर तिच्या नावाआधी ते चिकटवू नये.

शेवटी लिंग आणि रूपाविषयी : ‘हिजाब’ हा शब्द पुल्लिंगी आहे आणि प्रत्यय लावण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप (‘हिजाबा-’) करावे. ‘हिजाबवर’, ‘हिजाबला’ असे न लिहिता ‘हिजाबावर’, ‘हिजाबाला’ असे लिहावे.